आठातली एक नळी

रक्तपेढीतले गमतीचे अनुभव लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होतो. उभा जन्म लोकांच्या दंडात सुया खुपसण्यात गेला. त्यात टोचणाऱ्याला गंमत वाटत नाही आणि टोचून घेणाऱ्याला तर नाहीच नाही. तरी संपादकांचं मन राखायला एक सांगतो. नारायण पेठेतले एक हेडमास्तर नेमाने रक्त द्यायला यायचे आणि दर वेळी विचारायचे की, हे ज्याला देणार तो माणूस लायक आहे का. आम्ही फक्त रक्तगट जुळतो का ते बघतो, असं मी त्यांना सांगायचो. त्यावर ते म्हणायचे, "म्हणूनच देशाची ही अवस्था आहे." आणि बाही वर करायचे.

झाली गंमत. आता मला जे लिहायचं आहे ते लिहितो.

रक्तपेढीत येण्याआधी मी कसबा पेठेतल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो. लॅब म्हणजे दोन खोल्या आणि एक मोरी. आता रक्त यंत्रात घातलं की आकडे कागदावर छापून येतात. तेव्हा सगळा हातानं कारभार होता. रक्त गोठू द्यायचं, वरचं पिवळसर पाणी काढून घ्यायचं, त्यात रसायनं घालायची आणि रंग किती चढला ते मोजायचं. यात सगळ्यात नाजूक तपासणी लोहाची. कारण लोह सगळीकडे असतं. नळाच्या पाण्यात असतं, धुळीत असतं, गंजलेल्या स्टँडवर असतं. नळी जरा अस्वच्छ राहिली तर रोग्याचं लोह मोजायच्या ऐवजी तुम्ही महानगरपालिकेच्या पाइपाचं लोह मोजता. म्हणून या नळ्या रात्रभर आम्लात बुडवून ठेवायच्या आणि सकाळी डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा विसळायच्या.

हे काम शेवंताबाई करायच्या. राहायला लॅबमागच्याच बोळात, वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या, शिक्षण चौथीपर्यंत. आम्लानं त्यांच्या बोटांची नखं पिवळी पडली होती. धुतलेली नळी त्या खिडकीपाशी उजेडात धरून बघायच्या आणि मनाला पटली तरच स्टँडवर ठेवायच्या. मी डिप्लोमावाला, त्यामुळे त्यांच्या या बघण्याचं मला हसू यायचं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. लोणी काळभोरहून ज्ञानोबा नावाचे एक गृहस्थ आले. वय चाळिशीच्या थोडं पुढे, गळ्यात तुळशीची माळ, रंग काळसर; पण उन्हानं रापलेल्या माणसाचा असतो तसा नाही, त्यात राखेची छटा होती. स्वारगेटला एसटीतून उतरून पायी आले होते आणि आल्या आल्या भिंतीला टेकून बसले. दोन वर्षं थकवा जात नाही, साखर वाढली आहे, बोटांचे सांधे धरतात, असं त्यांनी सांगितलं. गावच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून लोहाचं टॉनिक लावलं होतं. दोन वर्षं ते नेमाने घेत होते. आता टॉनिक किती लागू पडलं ते बघायला लोहाची तपासणी लिहून दिली होती.

त्या दिवशी लोहाचे आठ नमुने होते. सात नमुन्यांत आकडे ठीक आले. ज्ञानोबांच्या नळीत रंग इतका गडद चढला की मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. रक्तात लोह वाहून नेणारी जी प्रथिनं असतात, ती साधारण एक तृतीयांश भरलेली असतात. यांची जवळजवळ काठोकाठ भरली होती. एवढं लोह माणसात असतं हे मी पुस्तकात एकदा वाचलं होतं. पण पुस्तकात ते साहेबांच्या देशातल्या लोकांना होतं. आपल्याकडे लोह कमी असतं, हे आम्हाला इतकं पाठ होतं की जास्त असेल तर चूक नळीचीच, यात मला शंका वाटली नाही.

मी मोरीशी जाऊन सगळ्यांच्या देखत शेवंताबाईंना झापलं. आम्ल वाचवून घरी नेता का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या की दोनदा बुडवल्या आहेत. मग त्यांनी विचारलं, "साहेब, आठी नळ्या एकाच बादलीतल्या. मग बाकीच्या सात चांगल्या कशा निघाल्या?"

उत्तर नसलं की माणूस हुद्द्यावर येतो. मी म्हणालो, "तुम्ही नळ्या धुवा. रिपोर्ट मी बघतो."

रक्तावरच्या उरलेल्या पिवळसर पाण्यावर मी तपासणी पुन्हा केली, नव्या नळीत. आकडा तोच आला. तेव्हा तरी डोळे उघडायला हवे होते. मी ठरवलं की ज्या बाटलीत रक्त काढलं ती बाटलीच खराब असणार. रिपोर्टवर आकडा लिहिला आणि खाली शेरा मारला: नमुना दूषित, आकडा ग्राह्य धरू नये, पुन्हा पाठवावा. इंग्रजीत मारला, म्हणजे त्यावर कोणी शंका घेत नाही. खाली माझी लांब शेपटीची सही. आमच्या मालक डॉक्टरांनी "लिमये, तुम्ही बघितलंय ना?" एवढं मला विचारून शेजारी आपली सही ठोकली. शेवंताबाईंना काचेच्या कामावरून काढून झाडलोट आणि चहा दिला. तेही माझ्याच सांगण्यावरून.

नमुना पुन्हा आला नाही. मीही चौकशी केली नाही. तो आमचा धंदाच नव्हे. आलेलं रक्त तपासायचं, न आलेल्याच्या मागे कोण लागतो?

पुढे मी रक्तपेढीत लागलो. मधे बारा वर्षं गेली. एक दिवस आमच्या इस्पितळातल्या डॉक्टर मॅडम एका माणसाला घेऊन स्वतः खाली आल्या. याचं दर आठवड्याला एक बॅग रक्त काढायचं आणि फेकून द्यायचं, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी उभ्या उभ्या मला समजावलं, ते मी वाचकांसाठी माझ्या भाषेत सांगतो.

शरीरात लोहाला आत यायला दार आहे, बाहेर जायला नाही. म्हणून आतडी अन्नातून मोजकंच लोह आत घेतात. काही घराण्यांत हा दारावरचा पहारेकरीच जन्मतः झोपलेला असतो. मग वर्षानुवर्षं लोह आत येत राहतं आणि लिव्हरमध्ये, हृदयात, सांध्यांत, साखर सांभाळणाऱ्या ग्रंथीत साठत जातं. चाळिशीपर्यंत काही कळत नाही. मग थकवा येतो, साखर वाढते, बोटांचे सांधे धरतात, कातडी राखाडी होते, आणि शेवटी लिव्हर दगडासारखं होतं. उपाय एकच आणि जुनाट वाटेल असा: रक्त काढायचं. नवं रक्त बनवायला शरीर साठ्यातलं लोह वापरतं आणि साठा हळूहळू उतरतो. वेळेत सुरू केलं तर माणूस धडधाकट जगतो. लिव्हर एकदा गेलं की मग ते मागे फिरत नाही. हा दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच सहसा रोग होतो. या माणसाच्या वडलांनी सख्ख्या मामाची मुलगी केली होती, त्यामुळे एकाच घरातला दोष दोन्ही बाजूंनी आला असणार, असं मॅडमचं म्हणणं होतं.

माणसाचं नाव सोपान, गाव लोणी काळभोर. मला तरीही काही आठवलं नाही.

मग मॅडमनी त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक जुना, घडीवर फाटलेला कागद काढला. म्हणाल्या, "याच्या भावाचा रिपोर्ट. हा पाहिला म्हणून मला याच्या रोगाची शंका आली. लिमये, ज्याने हा आकडा काढला तो माणूस हुशार होता. ज्याने खाली शेरा मारला तो गाढव."

दोघं एकाच खुर्चीत बसायचे, हे मी मॅडमना सांगितलं नाही. मी सुई तपासत राहिलो.

दर गुरुवारी सोपान यायचा. साडेतीनशे मिलिलिटरची बॅग भरायला दहा मिनिटं लागतात आणि आडवा पडलेला माणूस दहा मिनिटांत बरंच बोलतो. सहा-सात गुरुवारांत मला ज्ञानोबांचं पुढचं सगळं कळलं. माझा रिपोर्ट गावच्या डॉक्टरांनी बाजूला टाकला. दूषित म्हटल्यावर पुन्हा कशाला पैसे घालवायचे, टॉनिक चालू ठेवा, असं सांगितलं. वर्षभरात पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, चालताना झोक जायला लागला. मोठ्या इस्पितळात नेलं, तिथे सगळ्या नातेवाइकांसमोर किती पिता म्हणून विचारलं. ज्ञानोबा म्हणाले, मी माळकरी आहे, थेंब शिवलेलो नाही. तिथले डॉक्टर हसले आणि सगळे असंच म्हणतात असं म्हणाले.

ती गोष्ट गावात त्यांच्याआधी पोचली. फुगलेलं पोट आणि जाणारा झोक गावाने पाहिलाच होता. भजनी मंडळातले वडीलधारे घरी आले. माळ घालून पिणं म्हणजे माळेचा अपमान, तेव्हा माळ उतरवून ठेवा, असं त्यांनी सांगितलं. ज्ञानोबांनी वाद घातला नाही. पुढे तीन महिन्यांनी ते गेले तेव्हा गळा मोकळा होता. मूलबाळ नव्हतं. मागे राहिल्या त्या हौसावहिनी. नवरा पिऊन मेला, बायकोने झाकून ठेवलं, एवढं एका बाईला दहा वर्षं ऐकावं लागलं.

सोपानला एक कागद हवा होता, भाऊ दारूने गेला नाही असं सांगणारा. "मॅडम म्हणत्यात, त्येंनी भावाला बघितलंच न्हाई, मग कसं लिवून देणार? ह्यो एकच पुरावा हाय, आन् त्येच्यावर काट मारल्याली. ज्येनं मारली त्येनंच काढाय पायजे. वहिनी हाय तवर व्हायला हवं. त्यो माणूस सापडंल का वो, साहेब?"

फार जुनी गोष्ट आहे, माणसं कुठच्या कुठे जातात, असं मी म्हणालो. आणि बॅगेवर चिठ्ठी चिकटवून खाली सही केली.

हे मी दीड वर्ष केलं. माझी बाजू मांडत नाही, कारण बाजू नाहीच. घरी मुलगा इंजिनिअरिंगला होता, मी सीनियर झालो होतो, नवी मुलं माझ्याकडे शिकायला येत होती. त्यांना मी पहिला धडा हाच द्यायचो की आकडा विचित्र आला तर आधी स्वतःवर संशय घ्या. मुलं वहीत लिहून घ्यायची.

सोपानचं रक्त मात्र मी जीव ओतून काढलं. पहिले दोन महिने साठा उतरेनाच. मॅडम बुचकळ्यात पडल्या. मी एका गुरुवारी घरी काय खाता ते खोदून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. दर आठवड्याला एवढं रक्त काढतात म्हणून घरची मंडळी त्याला खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी आणि वर टॉनिक देत होती. तेच टॉनिक. आम्ही पुढच्या दाराने काढत होतो आणि घरचे मागच्या दाराने भरत होते. टॉनिक आणि कढई दोन्ही बंद केली, लोह जास्त शोषायला लावणाऱ्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या थांबवल्या, दारू तर नव्हतीच. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह कमी शोषलं जातं, असं मॅडमनी सांगितलं. चहाला औषध म्हणणारी दुसरी डॉक्टर मी पुण्यात पाहिली नाही. त्यानंतर आकडा उतरायला लागला. हे माझ्या नोकरीतलं चांगलं काम होतं, एवढं म्हणून घेतो.

कॉटच्या वर रक्तदानाचं महत्त्व सांगणारी मोठी पाटी होती. सोपान दर गुरुवारी ती वाचायचा आणि आपली बॅग लाल पिशवीत जाळायला जाताना बघायचा. दुसऱ्या कोणाला का देत नाही, म्हणून त्याने एकदा विचारलं. रोग्याचं रक्त द्यायचं नाही असा नियम आहे, असं मी सांगितलं. त्याची बहीण मुक्ता हिलाही तपासायला आणा म्हणून मॅडम मागे लागल्या होत्या. बायकांचं दर महिन्याला रक्त जातं म्हणून त्यांच्यात हा रोग उशिरा दिसतो, पण दिसतो. मुक्ता काही आली नाही. तिच्या मुलींची लग्नं व्हायची होती आणि घराण्यात रोग आहे असा कागद तिला नको होता. एका घराला कागद हवा होता आणि दुसऱ्याला नको होता, आणि दोन्ही घरांचं बरोबर होतं.

दीड वर्षाने सोपानचा साठा उतरला. आता दर आठवड्याला नको, तीन महिन्यांनी एकदा या, जन्मभर, असं मॅडमनी सांगितलं. लिव्हर शाबूत होतं. तो शेवटचा गुरुवार. पुढच्या खेपेला मी असणार नव्हतो, कारण त्याच महिन्यात माझी निवृत्ती होती. सुई काढली, कापूस दाबला आणि म्हणालो, "सोपानराव, तो शेरा मी मारला होता."

त्याने कोपरात हात दुमडला. मग दुसऱ्या हाताने खिशातलं आपलं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यावर दर गुरुवारची माझी सही होती, लांब शेपटीची.

"पयल्याच हप्त्यात वळखली. मॅडमला बी बोललो न्हाई. तुमी कवा सांगताय, त्ये बघत व्हतो."

मग इतके दिवस माझ्याकडून टोचून का घेतलंत, असं मी विचारलं. तुमच्या टोचण्याने हात दुखत नाही म्हणून, असं तो म्हणाला. दुसरी माणसं दोन-दोनदा टोचतात, घरी बायकापोरं आहेत, जगायचं होतं. मग त्याने जुना रिपोर्ट उलगडला. मी शेऱ्यावर आडवी रेघ मारली, खाली मराठीत लिहिलं: वरील शेरा चुकीचा होता, आकडा बरोबर होता, हा आजार दारूने झालेला नाही. सही केली, तारीख घातली. सवयीचा हात होता.

रविवारी स्वारगेटहून बस धरून मी लोणीला गेलो. सोपानने भजनी मंडळातल्या दोघा वृद्धांना बोलावून ठेवलं होतं. मी कागद वाचून दाखवला. रोग काय असतो तेही सांगितलं. त्यातले एक जण म्हणाले, बरं झालं, मनातली अढी गेली. दुसऱ्यांनी साखर कमी घालायला सांगितली, चहात. एक माळ उतरवायला गाव जमलं होतं, परत मान द्यायला दोघे आले आणि चहा पिऊन गेले. मला त्यांचा राग आला आणि मग लक्षात आलं की मला राग यायचा अधिकार नाही.

हौसावहिनी दाराशी बसून ऐकत होत्या. त्या उठून आत गेल्या आणि पितळी डबी घेऊन आल्या. डबीत माळ होती.

"आता ही कुनाच्या गळ्यात घालू?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि डबीचं झाकण लावलं.

त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी सुटलो असतो. निघताना त्यांनी एकच विचारलं, आकडा खरा असेल असं तेव्हा तिथं कोणालाच वाटलं नव्हतं का. खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हणालो की वाटलं होतं, नळ्या धुणाऱ्या बाईंना. मग त्यांचं कोणी ऐकलं नाही का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी मान डोलावली, जणू हे त्यांना माहीतच होतं.

दुसऱ्या दिवशी मी कसब्यातल्या त्या बोळात गेलो. शेवंताबाई ओट्यावर गवार मोडत बसल्या होत्या. फार थकल्या होत्या, पण मला त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि सुनेला पाट आणायला सांगितलं. मी पाटावर बसलो. म्हणालो की तुमची नळी स्वच्छ होती, आठही स्वच्छ होत्या, चूक माझी होती, सगळ्यांच्या देखत बोललो ते मला बोलायला नको होतं.

त्यांना तो दिवस चांगला लक्षात होता. हातातली शेंग त्यांनी खाली ठेवली. इतक्या वर्षांनी आपण बरोबर होतो हे कळल्यावर माणसाला बरं वाटतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी विचारलं, "आन् तो माणूस? त्याचं काय झालं?"

मी सांगितलं. माळेचंही सांगितलं.

त्यांनी खाली ठेवलेली शेंग पुन्हा उचलली. मग म्हणाल्या, "मग माझीच नळी घाण निघाली असती, तर बरं झालं असतं हो, साहेब."